गूगलचं मोफत जाहिरात अनुदान: संस्थेत ते कोणाच्या हाती द्यायचं?

गूगल ॲड ग्रँट्स म्हणजे सेवाभावी संस्थांना गूगलवर मोफत जाहिराती देणारी योजना. तिची माहिती आपल्या संस्थांपर्यंत बहुतेक वेळा एका आकड्याच्या रूपात पोहोचते: महिन्याला १०,००० डॉलर, म्हणजे रुपयांत आठ लाखांच्या वर. विश्वस्तांच्या बैठकीत कोणीतरी हा आकडा सांगतं, सगळ्यांचे कान टवकारतात, आणि मग खजिनदारांचा पुतण्या, नुकतीच आलेली इंटर्न किंवा फोन करून भेटायला आलेली एजन्सी यांपैकी जो समोर असेल त्याच्याकडे काम जातं. अर्ज कसा भरायचा हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. अकाउंट उघडल्यावर ते रोज कोण सांभाळणार, या प्रश्नावर मात्र बैठकीत पाच मिनिटंही खर्च होत नाहीत. अनुदान वाया जातं ते तिथेच. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान-मध्यम संस्थांना हा एक निर्णय नीट घेता यावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी अनुदानाचं खरं स्वरूप समजून घ्या

२००३ पासून गूगल ही योजना चालवतं. यात संस्थेच्या बँक खात्यात एक पैसाही जमा होत नाही. गूगलवर कोणी काही शोधलं की निकालांसोबत जी मजकुराची जाहिरात दिसते, ती जागा तुम्हाला मोफत मिळते. यूट्यूबवरच्या जाहिराती किंवा इतर वेबसाइटवर दिसणारी चित्रं यात येत नाहीत. दिवसाची मर्यादा ३२९ डॉलर. या महिन्यात न वापरलेली रक्कम पुढच्या महिन्यात मिळत नाही.

जाहिरातीवरच्या एका क्लिकसाठी अनुदानातून जास्तीत जास्त २ डॉलरची बोली (देऊ केलेली किंमत) लावता येते. 'मॅक्सिमाइज कन्व्हर्जन्स'सारखी, परिणामावर आधारलेली स्वयंचलित बोली असेल तर ही मर्यादा उठते, आणि एप्रिल २०१९ नंतर उघडलेल्या अकाउंटना अशीच बोली वापरावी लागते. पैसे भरणाऱ्या जाहिरातदारांना वरची जागा मिळते, आपण त्यांच्या खाली. मुंबई महानगरात हे ध्यानात ठेवायलाच हवं, कारण 'केअर होम' किंवा 'कौन्सेलिंग' अशा शब्दांवर व्यावसायिक मंडळी भरपूर पैसे ओततात.

आता नियम. १ जानेवारी २०१८ पासून ते बरेच कडक झाले. जाहिरात जितक्या वेळा दिसली त्याच्या निदान ५ टक्के वेळा क्लिक झालं पाहिजे. सलग दोन महिने प्रमाण त्याखाली गेलं तर अकाउंट बंद होऊ शकतं. संस्थेचं स्वतःचं नाव आणि काही मोजके अपवाद सोडले तर एकशब्दी कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर आपली जाहिरात दाखवायची ते) चालत नाहीत. ज्याचा क्वालिटी स्कोअर (गूगलने दर्जासाठी दिलेले दहापैकी गुण) १ किंवा २ आहे तो कीवर्ड थांबवावा लागतो. प्रत्येक कॅम्पेनमध्ये, म्हणजे जाहिरात मोहिमेत, किमान दोन ॲड ग्रुप (एका विषयाचे कीवर्ड आणि जाहिराती यांचा गट), किमान दोन साइटलिंक (जाहिरातीखाली दिसणारे वेबसाइटच्या इतर पानांचे दुवे), ठरवून दिलेला भूभाग आणि कन्व्हर्जनची, म्हणजे क्लिकनंतर लोकांनी केलेल्या हव्या त्या कृतीची, खरी मोजणी लागते. वर्षातून एकदा गूगलचा सर्व्हे भरावा लागतो.

ही यादी वाचली की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. एकदा सेट करून विसरून जाण्याचं हे काम नाही. कोणीतरी नियमित त्याच्यासमोर बसायलाच हवं.

पायरी १: आपण पात्र आहोत का?

इथे फार वेळ घालवायला नको. सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी अशी नोंदणी आणि आयकराची धर्मादाय नोंदणी (१२ए किंवा आताची १२एबी, ८०जी) यांचे कागद हाताशी ठेवा. सरकारी संस्था, रुग्णालयं, शाळा आणि महाविद्यालयं या योजनेत बसत नाहीत. तुमचा न्यास शाळाच चालवत असेल तर गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची योजना वेगळी आहे.

आधी 'गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स'मध्ये नोंदणी करायची. पडताळणी गूगलच्या वतीने गुडस्टॅक ही कंपनी करते. न्यासाच्या दाखल्यावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि वेबसाइटवरचं नाव एकच आहे ना, हे अर्जाआधी पाहा. धर्मादाय कार्यालयाच्या मराठी दाखल्यावर 'प्रतिष्ठान' आणि पॅनवर 'फाउंडेशन' अशी तफावत आपल्याकडे सर्रास असते, आणि अशा तफावतीमुळे पडताळणी रेंगाळते. वेबसाइट संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर, सुरक्षित जोडणीची आणि पुरेशा मजकुराची हवी. फेसबुक पेजवर भागत नाही.

अर्ज करताना कोणी क्रेडिट कार्डाची माहिती भरायला सांगितली तर थांबा. या अनुदानासाठी कार्ड लागत नाही.

पायरी २: जाहिरातीतून काय हवं आहे?

अकाउंट कोणी सांभाळायचं याचं उत्तर इथे दडलेलं आहे, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळू या. तीन संस्था कल्पनेने डोळ्यांसमोर आणा.

पहिली कळव्यात ज्येष्ठांसाठी दिवसाचं पाळणाघर चालवते. तिला वीस-पंचवीस कुटुंबांपर्यंत पोहोचायचं आहे. ३२९ डॉलरला २ डॉलरच्या भावाने रोज १६४ क्लिक येतात, पण कळवा-खारेगाव-विटाव्यात रोज इतके लोक ज्येष्ठांचं पाळणाघर शोधतच नसतात. या संस्थेचं अनुदान कधीच पूर्ण खर्च होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. महिन्याला दहा खरे फोन आले तर काम झालं. तिच्या बाबतीत एक बारकावा आहे. शोधणारी व्यक्ती कळव्यात असेलच असं नाही. आई-वडील इथे आणि मुलगा-सून पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत, ही आपल्या भागातली घरोघरची स्थिती आहे. म्हणून भूभाग निवडताना 'फक्त या भागात असलेले लोक' हा पर्याय न घेता 'या भागात असलेले किंवा या भागात रस दाखवणारे' हा घ्यावा. असले निर्णय बाहेरच्या माणसाला सुचत नाहीत. संस्थेत रोज फोन उचलणाऱ्या ताईंना ते चटकन सुचतात.

दुसरीचं कार्यालय नौपाड्यात आणि काम शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर. लाभार्थी गूगलवर तिला शोधणार नाहीत. तिला हवेत देणगीदार आणि स्वयंसेवक, तेही राज्यभरातून. इथे कीवर्डचा पसारा मोठा, देणगीचं पान, पावतीची यंत्रणा, पाठपुरावा असं सगळं आलं. एक कायदेशीर गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकांकडून देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही, पण देणगीच्या पानाला समोरचा कोण आहे हे आपोआप कळत नाही. नोंदणी नसेल तर देणगीच्या जाहिराती भारतापुरत्याच ठेवा. जाहिराती हाताळणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे.

तिसरी संस्था ठाणे खाडीच्या पाणथळ जागांवर काम करते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. हिवाळा लागला की फ्लेमिंगो कुठे दिसतील, बोट कुठून सुटते, असे शोध वाढतात. तिच्याकडे लेख आणि छायाचित्रांचा साठा असेल तर हे अनुदान ती तिघींत सर्वांत जास्त वापरू शकेल. मात्र आलेल्या वाचकाने पुढे काय करायचं हे ठरलेलं नसेल तर हजारो क्लिक येतील आणि निघून जातील. निसर्गफेरीची नावनोंदणी, बातमीपत्र, खाडीस्वच्छतेचा दिवस, यांतलं काहीतरी पानावर हवं.

तुमची संस्था कोणासारखी आहे ते एका ओळीत लिहा: 'आम्हाला अमुक लोकांनी अमुक कृती करायला हवी आहे.' ही ओळ लिहिता येत नसेल तर अर्ज थोडा पुढे ढकललेला बरा.

पायरी ३: तास मोजा

माझ्या अंदाजाने सुरुवातीचे एक-दोन महिने आठवड्याला पाच-सहा तास लागतात. घडी बसल्यावर दोन-तीन तास. त्यात लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले ते पाहणं, निरुपयोगी शब्द वगळणं, जाहिराती सुधारणं, पानांत बदल करवून घेणं आणि आलेल्या फोनची नोंद तपासणं हे सगळं आलं.

आता कार्यालयात पाहा. हे तास कोणाच्या आठवड्यात बसतात? उत्तर 'सगळे मिळून करू' असं आलं तर त्याचा अर्थ कोणीच करणार नाही असा घ्या. एक नाव हवं.

पायरी ४: चार मार्ग

*संस्थेतलाच माणूस.* कळव्यासारख्या स्थानिक सेवा देणाऱ्या संस्थेला मी हाच मार्ग सुचवेन. कॅम्पेन लहान असतं, दोन-तीन ॲड ग्रुप पुरतात आणि लोक कोणत्या शब्दांत विचारतात हे त्याच माणसाला सर्वांत नीट ठाऊक असतं. गूगलचं स्किलशॉप या संकेतस्थळावरचं प्रशिक्षण मोफत आहे. अडचण एकच: हा माणूस आधीच तीन कामं करत असतो. त्याच्याकडून एक काम काढून घ्या आणि मगच हे द्या. 'तू तरुण आहेस, तुला कॉम्प्युटर येतो' हे कारण पुरेसं नाही.

*स्वयंसेवक.* आपल्या पट्ट्याचं हे मोठं बळ आहे. ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट, घोडबंदर रोड इथल्या आयटी आणि बॅक ऑफिसच्या कंपन्यांत डिजिटल मार्केटिंग येणारे लोक आहेत आणि काहींना मनापासून मदत करायची असते. अकाउंट उभारून देणं, तीन महिन्यांनी तपासणं, कर्मचाऱ्याला शिकवणं यासाठी ते उत्तम. दर आठवड्याच्या देखभालीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. मार्चअखेर आली, नोकरी बदलली, घरी बाळ आलं की ते थांबणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबाबतही तेच. परीक्षेच्या महिन्यात ५ टक्क्यांचा नियम थांबत नाही.

*फ्रीलान्सर किंवा एजन्सी.* दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या संस्थेला याचा विचार करावा लागेल. खर्च मात्र खरा असतो. समजा महिन्याला १५,००० रुपये ठरले आणि एजन्सी जीएसटी लावत असेल, तर १८ टक्क्यांनी ते १७,७०० होतात. बहुतेक न्यासांची जीएसटी नोंदणी नसल्यामुळे हा कर परत मिळत नाही. वर्षाचे दोन लाख बारा हजार चारशे. टीडीएसचं काय ते तुमच्या सीएंना विचारा. मोफत अनुदानासाठी दोन लाख मोजायचे का, याचं उत्तर पायरी २ मधल्या त्या एका ओळीतून काढायचं. त्या कृतीची संस्थेला तेवढी किंमत आहे का?

*मिश्र मार्ग.* अनुभवी माणसाकडून एकदाच, ठरावीक मोबदल्यात अकाउंट नीट उभारून घ्यायचं, साप्ताहिक काम आपल्या माणसाने करायचं आणि दर तीन महिन्यांनी त्याच अनुभवी माणसाकडून तपासणी करून घ्यायची. वर्षाला पाच-दहा लाखांत काम भागवणाऱ्या संस्थांसाठी मला हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो. कौशल्य हळूहळू संस्थेत मुरतं, आणि खर्च मर्यादेत राहतो.

पायरी ५: एजन्सी निवडायचीच असेल तर

मोबदला ठरावीक रकमेत ठरवा. 'जितकं अनुदान खर्च होईल त्याच्या इतके टक्के' हा करार करू नका. असा करार केला की एजन्सीचा फायदा तुमचं अनुदान उडवण्यात असतो. मग कळव्याच्या पाळणाघराची जाहिरात 'आजी-आजोबांसाठी शुभेच्छा' शोधणाऱ्यांना दिसू लागते. खर्चाचा आलेख चढतो आणि फोन वाजत नाही.

पहिल्याच भेटीत या गोष्टी विचारा. आमच्यासाठी कन्व्हर्जन म्हणून काय मोजणार? उत्तर 'पान उघडणं' किंवा 'पानावर काही सेकंद थांबणं' असं आलं तर सावध व्हा. फॉर्म भरणं, फोनच्या बटणावर टिचकी, व्हॉट्सॲपवर संदेश, पूर्ण झालेली देणगी, याला मोजणी म्हणायचं. मराठी जाहिराती कोण लिहिणार? इंग्रजी मजकूर यंत्रातून काढून आणणार असतील तर तो ठाण्याच्या वाचकाला लगेच खटकतो. शोधशब्दांचा अहवाल दर महिन्याला मिळेल का? त्यांनी सांभाळलेलं एखादं अकाउंट कधी बंद पडलं होतं का, आणि तेव्हा काय केलं?

एक युक्ती ओळखायला शिका. संस्थेच्या नावाने शोधणारे लोक जाहिरातीवर हमखास क्लिक करतात. त्यामुळे नुसत्या नावाच्या कीवर्डवर क्लिकचं प्रमाण छान दिसतं आणि ५ टक्क्यांचा नियमही पाळला जातो. पण ही मंडळी तशीही येणारच होती. म्हणून अहवाल मागताना 'संस्थेच्या नावाचे शोध वगळून' असा स्पष्ट शब्द टाका.

करारात तीन वाक्यं मराठीतच लिहून घ्या. अकाउंट आणि त्यातली सर्व माहिती संस्थेची आहे. तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवता येईल. संपल्यावर एजन्सी काहीही पुसून टाकणार नाही.

पायरी ६: किल्ल्या संस्थेकडेच

मार्ग कोणताही निवडा, ही पायरी चुकवू नका. अकाउंट संस्थेच्या ईमेलवर उघडा, कोणा व्यक्तीच्या खासगी जीमेलवर नको. 'गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स'मधून संस्थेच्या डोमेनचे ईमेल मोफत मिळतात, ते आधी घ्या. ॲडमिन हक्क किमान दोघांकडे असू द्या, एक विश्वस्त आणि एक कर्मचारी. एजन्सीने आपल्या मॅनेजर अकाउंटमधून (अनेक ग्राहकांची अकाउंट एकत्र सांभाळण्याच्या अकाउंटमधून) जोडणीची विनंती पाठवायची आणि तुम्ही ती मंजूर करायची, ही सरळ पद्धत आहे. पासवर्ड आणि ओटीपी देण्याची गरज पडत नाही.

लॉगिनच्या वेळच्या दोन टप्प्यांच्या पडताळणीचा फोन कोणाचा, हेही पाहा. इंटर्नचा नंबर जोडलेला असतो, ती जुलैमध्ये पुढच्या शिक्षणाला निघून जाते आणि संस्था स्वतःच्याच अकाउंटबाहेर उभी राहते. कार्यालयाचा नंबर जोडा. गूगल ॲनालिटिक्स आणि टॅग मॅनेजर ही मोजणीची साधनं, वेबसाइटचं होस्टिंग आणि डोमेन यांचे हक्कही याच दोघांकडे हवेत. कोणाकडे काय आहे याचा छोटा ठराव विश्वस्तांच्या इतिवृत्तात घ्या. पदाधिकारी बदलले की ठराव बदलायचा.

पायरी ७: पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात मोजणी आणि पानं नीट करा, जाहिराती थोड्याच ठेवा. जाहिरातीचं शीर्षक ३० कॅरेक्टरचं आणि वर्णन ९० चं असतं. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्यांमुळे जागा लवकर भरते, तेव्हा छोटे शब्द निवडा.

भाषेचा विचार इथे खूप महत्त्वाचा आहे. गूगल ॲड्सच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण आपले लोक एकाच पद्धतीने टाइप करत नाहीत. कोणी देवनागरीत 'ठाण्यातील वृद्धाश्रम' लिहितं, कोणी तेच रोमन अक्षरांत, कोणी 'ओल्ड एज होम निअर मी', आणि मुंब्रा-कौसा किंवा तुर्भ्याच्या बाजूला हिंदीत. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा निवडा आणि कीवर्ड चारही रूपांत द्या. जाहिरात मराठी असेल तर ती मराठी पानावरच उतरली पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात शोधशब्दांचा अहवाल घेऊन बसा. 'एनजीओ जॉब', 'सॅलरी', 'सर्टिफिकेट', 'प्रोजेक्ट पीडीएफ' असे शब्द बहुधा दिसतील. ते नकारात्मक कीवर्डमध्ये, म्हणजे वगळायच्या शब्दांत, टाका. 'जुने कपडे दान ठाणे' हा शोध आला तर थांबून विचार करा. तुम्ही कपडे घेत नसाल तर वगळा. घेत असाल तर त्यासाठी वेगळं पान करा, कारण आज कपडे देणारं घर उद्या देणगीही देऊ शकतं.

तिसऱ्या महिन्यात मोजणी भरवशाची झाली असेल तर स्वयंचलित बोलीचा परिणाम पाहा. आलेल्या देणग्यांची नावं, पत्ते आणि पॅन पहिल्यापासून नीट नोंदवा. ८०जी असलेल्या संस्थेला वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी (देणग्यांचं विवरणपत्र) भरावा लागतो आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. ऑनलाइन आलेल्या पाचशे-हजाराच्या देणग्यांची जुळवाजुळव मे महिन्यात करत बसणं फार त्रासाचं होतं.

पायरी ८: दर तिमाहीला फेरविचार

विश्वस्तांसमोर एकच पान ठेवा. किती फोन, किती फॉर्म, किती देणग्या आल्या आणि त्यातून प्रत्यक्ष किती लोक संस्थेशी जोडले गेले. खर्च झालेले डॉलर तळाशी, बारीक अक्षरांत. सांभाळणाऱ्याला सलग दोन महिने वेळ मिळाला नसेल तर मार्ग बदला, माणसाला बोल लावू नका. एजन्सीचा वर्षाचा खर्च आणि आलेलं काम यांचा मेळ बसत नसेल तर मिश्र मार्गावर या.

अकाउंट बंद झालं तर नवं उघडू नका. ज्या नियमामुळे बंद झालं ते दुरुस्त करा आणि त्याच अकाउंटमधून पुन्हा सुरू करण्याची विनंती पाठवा. काम एका हातातून दुसऱ्या हाती जाताना नव्या माणसाला हक्क आधी द्या आणि त्याचं लॉगिन तुमच्यासमोर होऊ द्या. वगळलेल्या शब्दांची यादी आणि कन्व्हर्जनची व्याख्या लिहून घ्या, त्यानंतरच जुन्या माणसाचे हक्क काढा.